रेडियमच्या दुकानाला हीट गन घेताना

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की शिरूर कासारच्या रेडियमवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअप, ट्रक अशा सगळ्या वाहनांना नाव घालून, पट्टे मारून, मागे रिफ्लेक्टर लावून हवे असतात. पूर्वी हे काम ब्रशवाला पेंटर करी. आता त्याच्या जागी कटिंगचे यंत्र आणि विनाईलचा रोल आला आहे, आणि गेल्या काही वर्षांत पिकअपचे बॉनेट, मोटारीचे छप्पर, कधी अख्खी गाडीच विनाईलने मढवून देण्याचे काम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. बरेच नौजवान थोड्याफार कर्जावर या धंद्यात उतरले आहेत. त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा दसऱ्याच्या मागेपुढे पाच-सहा आठवड्यांत येतो. नेमक्या त्याच दिवसांत हीट गन बंद पडली, तर गिऱ्हाईक थांबत नाही. पाथर्डीला किंवा बीडला निघून जाते.

आमच्या ओळखीच्या अशाच एका मुलाने वर्षाच्या आत तीन हीट गन जाळल्या. दर वेळी तो आधीपेक्षा जास्त वॅटची घेत गेला. दुकानदारांचे म्हणणे, माल हलका होता. आमचे मत वेगळे आहे. माल हलका होताच, पण घात केला तो प्लगने आणि वायरने.

आमचा धंदा कापडाचा. मग या विषयात आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. विनाईलच्या धंद्यात एक शब्द आमच्या घरचा आहे : कॅलेंडर. कापडाला चकाकी यावी म्हणून ते तापलेल्या जड रुळांमधून काढतात, त्याला कॅलेंडर करणे म्हणतात. स्वस्त विनाईलही असेच रुळांतून दाबून, ओढून पातळ केलेले असते. ओढून बनवलेला माल आपली मूळची लांबी विसरत नाही. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, तसे हे विनाईल उष्णतेने मागे सरकते आणि कोपऱ्यावर सुटते. महाग विनाईल ओतून बनवतात, त्याला कास्ट म्हणतात. ते साधारण ५० मायक्रॉन इतके पातळ असून वळणावर नीट बसते. सपाट ट्रॉलीच्या फळीवर कॅलेंडरचा माल चालेल. बंपर आणि आरशाच्या गोलाईला कास्टच हवा. चुकीच्या फिल्मला बसवण्यासाठी गन जास्त वेळ, जास्त उष्णतेवर चालवावी लागते, आणि मग फिल्मही जाते व गनही.

किती उष्णता लागते? फिल्म नरम करून ओढायला ५०-६० अंश सेल्सिअस पुष्कळ झाले. काम संपल्यावर कडा आणि खोलगट भाग ९० ते १०० अंशांपर्यंत तापवून घेतात, म्हणजे ओढलेली फिल्म तिथेच स्थिर होते. गनच्या खोक्यावर ६०० अंश छापलेले असतात, ते तोंडाशी असलेल्या हवेचे. चार-सहा इंचांवर ती उष्णता बरीच उतरते. म्हणजे या कामाला ६०० अंशांची गरजच नाही. गरज आहे ती हवी तेवढीच उष्णता राखणाऱ्या गनची. टेरिकॉटवर कडक इस्त्री फिरवल्यावर काय होते हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. बिनसंपर्काचे थर्मामीटर आता थोडक्या पैशांत मिळते. ते जवळ असावे, हाताच्या अंदाजावर सगळे सोडू नये.

आता विजेचे गणित. २,००० वॅटची गन २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेते. घरातला लहान प्लग पाच-सहा अँपिअरचा असतो. त्यावर ती चालते खरी, पण प्लग तापतो, पिना काळ्या पडतात, ठिणग्या उडतात. वर पातळ वायरची तीस मीटर गुंडाळी जोडली की त्या वायरीतच दहा-बारा व्होल्ट खर्च होतात, आणि गुंडाळी न उलगडता वापरली तर वायर वितळण्याची भीती. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले, तर २,००० वॅटची साधी गन जेमतेम सव्वाबाराशे वॅटची राहते. कारागिराला वाटते, गनमध्ये दम नाही. तो डायल पूर्ण फिरवतो, एकाच जागी धरून बसतो. त्यात व्होल्टेज उतरल्यावर पंखाही मंदावतो, म्हणून वारा कमी पडून आतली तार आपल्याच उष्णतेत भाजते. उलट रात्री व्होल्टेज २६० वर चढले तर तीच गन पाव हिश्शाहून जास्त तापते. तीन गन जळाल्या त्या अशा.

म्हणून आमच्या मते पहिला खर्च गनवर करू नये. मीटरपासून वेगळी जाड तार घेऊन १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा, आणि लांब वायर लागलीच तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. टीव्ही-फ्रीजचा स्टॅबिलायझर किंवा घरचा इन्व्हर्टर हा भार ओढत नाही.

गनकडे वळू. आत तीनच गोष्टी महत्त्वाच्या : तार, मोटार आणि ताबा. तार नायक्रोमची असते, ती अभ्रकाच्या पत्र्यावर किंवा सिरॅमिकवर गुंडाळलेली. सिरॅमिक उष्णतेला चांगले, पण तापलेले असताना गन हातातून पडली तर तडकते. मोटार बहुतेक गनमध्ये लहान असून तिच्यातले कार्बन झिजतात. स्वस्त गनमध्ये ही मोटार बंद डबीसारखी असते, कार्बन बदलता येत नाहीत. कार्बन नसलेल्या मोटारीच्याही गन निघतात, स्टायनेल आणि लाइस्टर या नामांकित कंपन्या युरोपच्या; पण तालुक्याच्या दुकानाला तो खर्च झेपेलच असे नाही. बॉश, मकिता, स्टॅनले यांच्या मध्यम किमतीच्या गन आपल्याकडे मिळतात. नाव कोणतेही असो, घेताना विचारायचा प्रश्न एकच : हिची तार आणि मोटार सुटी मिळते का, आणि कुठे? पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत हात घातला तर पुष्कळ सामान सापडते, पण हंगामात एका तारेसाठी पुण्याची बस धरणे म्हणजे दिवसाची कमाई घालवणे.

ताबा म्हणजे उष्णता राखण्याची सोय. दोनच बटणांची गन व्होल्टेजच्या मर्जीवर चालते. आत सेन्सर असलेली, डायलवर अंश ठरवता येणारी गन व्होल्टेज थोडे खालीवर झाले तरी सावरून घेते. आमच्या भागात दोन हजार वॅटची साधी गन घेण्यापेक्षा पंधरा-सोळाशे वॅटची सेन्सरवाली घ्यावी.

दुकानातच दहा मिनिटे चालवून पाहावी. कोणी नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे. आवाज एकसारखा हवा. बाजूने, डोळे लांब ठेवून तोंडात पाहावे. तार एकाच कोपऱ्यात लाल दिसत असेल तर वारा नीट फिरत नाही. मागची बाजू सपाट असावी, म्हणजे गरम गन उभी ठेवता येते. वायर रबराची असल्यास उत्तम, प्लॅस्टिकची वायर काही महिन्यांत कडक होऊन मुठीपाशी तुटते.

काम झाल्यावर बटण एकदम बंद करण्याची सवय फार नुकसान करते. पंखा थांबतो, तार मात्र लाल असते आणि ती उष्णता मोटारीकडे उलटते. दोन मिनिटे थंड हवेवर चालवून मग बंद करावी. मागच्या जाळीत आपल्या भागातली धूळ आणि कागदाचे तुकडे बसतात. दर आठवड्याला मऊ ब्रशने साफ करावे. मे महिन्यात पत्रा उन्हात एवढा तापतो की फिल्म लावताच चिकटून बसते आणि सरकत नाही. तेव्हा सकाळी, सावलीत काम धरावे.

गिऱ्हाइकाने अख्ख्या गाडीचा रंगच बदलायला सांगितला तर त्याला आधी आरटीओत पाठवावे. नोंदणी पुस्तकातल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. दंडाचा कागद आल्यावर तो भांडायला तुमच्याच दुकानात येईल.

नवी गन दसऱ्याच्या तोंडावर घेऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्यावर बाजार थंड असतो, दुकानदार भाव सोडतो आणि पक्क्या बिलावर मॉडेल नंबर व तारीख लिहून द्यायलाही त्याला सवड असते. जुनी चालू असतानाच नवी आणावी. जुने स्टिकर सोडवण्याचे काम कमी नाजूक. ते जुन्या गनवर करावे आणि नवी फक्त नव्या फिल्मसाठी ठेवावी.