मोफत कायदेशीर मदत : खर्च कोण करतो आणि वसुली कोणाकडून होते?

जमिनीची वाटणी, बांधावरील वहिवाट, पोटगी, कर्जाची थकबाकी अशा कारणांसाठी इंदापूर व बारामती तालुक्यांतील सामान्य माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी शासनाने मोफत वकिलाची सोय केली आहे. तरीही अनेक जण तिच्या वाटेला जात नाहीत. ‘आज फुकट म्हणतील आणि उद्या सातबाऱ्यावर बोजा चढवतील,’ ही शंका त्यांना मागे ओढते. या शंकेत तथ्य किती, हे आपण येथे पाहू या.

मदतीचा आधार

मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि दारिद्र्यामुळे कोणी न्यायाला वंचित होऊ नये, ही शासनाची जबाबदारी ठरली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

त्यापूर्वीच, १९७८ मध्ये, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितले होते. कैद्याला वकील देण्याची गरज असेल, तर त्या वकिलाला न्यायालय ठरवील ती रक्कम शासनाने द्यावी. पैशांची अडचण ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे १९८१ च्या खत्री खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले.

पैसा कोठून येतो?

अधिनियमाने राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर विधी साहाय्य निधी निर्माण केला आहे. केंद्र शासन राष्ट्रीय निधीला रक्कम देते. राष्ट्रीय प्राधिकरण व राज्य शासन यांच्याकडून राज्य निधीत पैसे येतात आणि पुढे जिल्ह्याला मिळतात. देणग्या व न्यायालयाच्या आदेशाने जमा होणाऱ्या रकमाही या निधीत येतात. विनाकारण तारखा वाढविणाऱ्या पक्षकाराला न्यायालय खर्चाचा दंड करते आणि तो विधी सेवा प्राधिकरणाकडे भरण्यास सांगते, अशी उदाहरणे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हीदेखील खर्च भरून काढण्याची एक वाट आहे. कर्मचाऱ्यांचे पगार व प्रशासकीय खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून भागविला जातो. थोडक्यात, ही मदत आपण सर्वांनी भरलेल्या करांतून होते. ती घेणाऱ्याने उपकाराच्या ओझ्याखाली राहण्याचे कारण नाही.

वसुलीचे दोन वेगळे मार्ग

बहुतेकांचा गोंधळ येथे होतो. न्यायालयात गरिबाला सवलत मिळण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे परिणाम सारखे नाहीत.

पहिला मार्ग जुना आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ नुसार ‘नादार’ म्हणून दावा दाखल करता येतो. यात कोर्ट फी माफ होत नाही. ती फक्त लांबणीवर पडते. नादार दावेदार जिंकला, तर न्यायालय ज्या पक्षकाराला फी भरण्याचा आदेश देते त्याच्याकडून ती वसूल होते आणि दाव्यातील मालमत्तेवर त्या रकमेचा पहिला बोजा राहतो. तो हरला, तर फी त्यालाच भरावी लागते. हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते व ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. बोजाची भीती मुख्यत्वे या मार्गाला लागू पडते.

दुसरा मार्ग १९८७ च्या अधिनियमाचा आहे. त्यात वकिलाची फी, कोर्ट फी व इतर आवश्यक खर्च प्राधिकरण उचलते. हे कर्ज नव्हे. इंग्लंडमध्ये सरकारी मदतीने मिळवलेल्या मालमत्तेवर त्या खर्चाचा बोजा चढवण्याची तरतूद आहे; आपल्या अधिनियमात तशी तरतूद नाही. मात्र अनेक राज्यांच्या विनियमांत असे करारपत्र आढळते की, निकालात मदत घेणाऱ्याला दाव्याचा खर्च किंवा आर्थिक लाभ मिळाला, तर त्यातून प्राधिकरणाचा खर्च परत करावा. म्हणून अर्जासोबतचा प्रत्येक कागद वाचून, समजून घेऊनच सही करावी.

तडजोडीला तयार असणाऱ्यांसाठी लोकअदालत आहे. तेथे वाद मिटल्यास आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील करता येत नाही, हे तडजोडीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

पात्र कोण?

कोणतीही स्त्री किंवा बालक, उत्पन्न कितीही असो, पात्र आहे. अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तींचे बळी यांनाही हा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती पात्र आहेतच. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दलचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते.

आपल्या समाजाने येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरता मर्यादित आहे. त्यामुळे दलित मूळ असलेल्या ख्रिस्ती बांधवांना जातीच्या आधारावर ही मदत मागता येत नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. परंतु जातीचा दाखला नाही म्हणून मदतच नाही, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. उत्पन्न, स्त्री असणे, अपंगत्व, कोठडी हे इतर सर्व आधार ख्रिस्ती व्यक्तीलाही तितकेच खुले आहेत.

अर्ज कोठे करावा?

इंदापूर येथील न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तालुक्यातील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी अशा समितीचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. पुण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. अर्ज करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माझा दावा नादारीत दाखल होणार की विधी सेवेतून? कोर्ट फी कोण भरणार? मी जिंकल्यास अथवा हरल्यास मला काय द्यावे लागेल? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच सही करावी. वकील न मिळाल्यामुळे वारसाहक्काची जमीन किंवा मुलांची पोटगी सोडून देण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ नये.