टनाचा हिशेब थेंबात

समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, मोजायची तर आधी त्यातलं सगळं जिवंत मारावं लागतं. बाटली भरली की मर्क्युरिक क्लोराइडचे थोडे थेंब, बुचाला ग्रीस, वर रबरबँड. नाहीतर आतले जीवाणू बाटलीतही खात-श्वसत राहतात आणि टेबलावर येईपर्यंत पाणी पहिल्यासारखं राहत नाही. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला, हे काम मी शेजारी उभं राहून बघितलं, थोडं हातानेही केलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरवायच्या उद्योगात सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि माझ्या मते अख्खा उद्योग उभा आहे तोही याच्यावरच.

पाण्याची अल्कलिनिटी वाढवणारं द्रव्य समुद्रात ओतण्याचा भाग त्या मानाने सोपा. बंदराच्या डार्टमथ बाजूला टफ्ट्स कोव्हचं वीजकेंद्र आहे. त्याची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची तीन धुराडी लांबूनच दिसतात. यंत्रं थंड करायला ते बंदराचं पाणी आत घेतं आणि परत सोडतं. प्लॅनेटरी टेक्नॉलॉजीज ही कंपनी २०२३पासून त्या परतीच्या पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची पांढरी स्लरी मिसळते आहे. पित्तावरचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया ते हेच. वर धुराडी कार्बन डायऑक्साइड सोडतायत आणि खाली तोच ओढून घ्यायची तजवीज चालली आहे, हे बघून हसू येतं. पण वाहतं पाणी आणि समुद्रात जाणारा मार्ग, दोन्ही तिथे आयतेच होते.

समुद्रात विरघळलेला बहुतेक कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. हायड्रॉक्साइड विरघळलं की पाण्यातला मोकळा कार्बन डायऑक्साइडही बायकार्बोनेट होतो, आणि ती तूट भरून काढायला पाणी हवेतून नवा वायू घेतं. एक टन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हिशेबाने सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बांधू शकतं.

शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातलेली असते. ती दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड सिद्ध झाला, असं वहीत लिहून मोकळे. इथे पाणी तसं दुधाळ झालं तर डाव फसला म्हणायचा. हायड्रॉक्साइड एका जागी फार साचलं तर कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन खाली बसू लागतं. मग टाकलेली अल्कलिनिटी जाते आणि कार्बन डायऑक्साइडही परत सुटतो. म्हणून विरळ करत सोडायचं. आणि विरळ झालं की ते सापडेनासं होतं. खुल्या समुद्रात अल्कलिनिटी किलोमागे २३०० मायक्रोमोलच्या आसपास असते. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी वाढ कळते. जरा पुढे गेलं की भरती-ओहोटी, पाऊस आणि सॅकव्हिल नदीचं गोडं पाणी यांच्या चढउतारात ती बुडून जाते.

तिला शोधायचं तर टायट्रेशन, म्हणजे मोजून आम्ल घालत पाणी ते किती पचवतं ते बघणं. दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं, भिंतींमधून २५ अंशांचं पाणी फिरतंय. आत तोलून घेतलेला नमुना, एक इलेक्ट्रोड, तळाशी गरगरणारा चुंबक. हायड्रोक्लोरिक आम्लाचा पहिला हप्ता मोठा. पीएच आठवरून चारच्या खाली येतो. मग थांबायचं, पाण्यातून हवा सोडायची. बायकार्बोनेट होऊन बसलेला कार्बन इथे वायू होऊन निघून जातो. बंदरात जे घडावं म्हणून धडपड चालली आहे, त्याच्या नेमकं उलट. पुढे पीएच तीनपर्यंत ०.०५ मिलिलिटरच्या टप्प्यांनी उतरायचं, आणि दर टप्प्याला आकडा ठरेपर्यंत हात आवरायचा. हा हात आवरणंच मला जमत नव्हतं. सरावलेल्या माणसाची दोन मोजमापं दोनेक मायक्रोमोलच्या आत जुळतात, म्हणजे फरक हजारात एकापेक्षा कमी. अधूनमधून स्क्रिप्स संस्थेची प्रमाणित बाटली लावायची. कॅलिफोर्नियात अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने सुरू केलेलं हे काम. बाटलीत समुद्राचंच पाणी, पण आकडा आधीच पक्का. जगभरच्या प्रयोगशाळा आपलं मोजमाप त्याच्याशी ताडतात. तो जुळला नाही, तर सकाळपासूनच्या सगळ्या आकड्यांवर काट.

एवढं करूनही कार्बन क्रेडिट म्हणून विकला जाणारा टन या भांड्यात सापडत नाही. हवेतून वायू पाण्यात शिरायला आठवडे, महिने लागतात. तोवर ते पाणी बंदर सोडून गेलेलं असतं. डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी टफ्ट्स कोव्हला रोडामाइन रंग सोडून पाणी कुठे कुठे पसरतं ते बघितलं, तेव्हा बंदराचा एक तुकडा लालसर गुलाबी झाला होता. पण रंगाने वाट कळते, वजन नाही. वजन संगणक सांगतो. दोन समुद्र चालवायचे, एकात हायड्रॉक्साइड टाकलेलं, दुसऱ्यात नाही, आणि वजाबाकी करायची. डलहौसीच्याच कात्या फेनेल यांच्या गटाचं काम अशाच प्रतिमानांचं. २०२५मध्ये आयसोमेट्रिक या नोंदणी संस्थेने या बंदरातल्या कामाला सुमारे ६२५ टनांची क्रेडिट्स दिली. या पद्धतीची जगातली ती पहिली. त्यांच्या मुळाशी ही वजाबाकीच आहे.

मला यात लबाडी दिसत नाही. पण वजाबाकी खरी ठरते ती खालचे आकडे खरे असतील तरच, आणि या बाबतीत हॅलिफॅक्सचं नशीब चांगलं. बंदराच्या आतल्या बेडफर्ड बेसिनमधून १९९२पासून दर आठवड्याला पाण्याचे नमुने घेतले जातायत, हायड्रॉक्साइडचा विचारही कोणाच्या डोक्यात नसल्यापासून. याच कंपनीच्या इंग्लंडमधल्या बेताविरुद्ध, कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ज उपसागराच्या काठी, २०२३मध्ये लोक निषेधाला उतरले, तेव्हा त्यांना हट्टी ठरवणं सोपं होतं. मला ते तसे वाटत नाहीत. माझ्या किनाऱ्यावर कोणी अशी परवानगी मागायला आला, तर रसायनशास्त्र मी नंतर ऐकेन. त्याआधी विचारेन की इथल्या पाण्याच्या बाटल्या किती वर्षांपासून भरतायत, आणि त्या कोणी भरल्या.