पुढच्या चाकाचे दुखणे

जुन्या पिकअपचे पुढचे चाक एकाच वेळी चार कामे करते. ते फिरते, वळते, खड्ड्यात खाली-वर होते आणि ब्रेक दाबला की गाडीचा बराचसा भार अंगावर घेते. प्रत्येक कामाचा सांधा वेगळा आहे. फिरण्यासाठी हबमधली दोन बेअरिंगे, वळण्यासाठी किंगपिन किंवा बॉल जॉइंट, दोन्ही चाके एका चालीत ठेवण्यासाठी टायरॉड, हादरे पेलण्यासाठी पाटे आणि शॉकअप. यांतला कोणताही सांधा सैल झाला तरी चालकाच्या हाताला जाणवते ती स्टिअरिंगची थरथरच. त्यामुळे तक्रार एका जागी आणि बिघाड दुसऱ्याच जागी, असे नेहमी घडते. अंदाजाने सुटे भाग बदलत गेले, तर पैसा जातो आणि थरथर तशीच राहते.

माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे उभा राहिला. आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथेच आहे. अशा बागायती पट्ट्यात उसाचे बेणे, खताची पोती, केळीचे घड वाहणाऱ्या पिकअपला डांबरी रस्त्याइतकीच शेतवाट तुडवावी लागते, आणि त्या वाटेत बहुधा पाटाचे पाणी साचलेले असते. वीस-पंचवीस किलोमीटर धावून तापलेला हब त्या पाण्यात शिरला की एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या झिजलेल्या ओठातून पाणी आत ओढले जाते. पाणी शिरलेले ग्रीस ताकासारखे पांढरट दिसते आणि त्याचा वंगणाचा गुण जातो. पाण्याबरोबर मुरमाची कचही आत गेली, तर बेअरिंगचे गुळगुळीत पोलाद लवकरच खडबडीत होते.

काळ्या मातीचा आणखी एक ताप आहे. ती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते आणि चाकाचा तोल बिघडवते. सुमारे २.२ मीटर घेराचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला साडेसात फेरे घेते. मातीचे ढेकूळ तितक्याच वेळा स्टिअरिंगला धक्का देते. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल आणि वेग बदलला की ती जात असेल, तर पाना हातात घेण्याआधी रिम आतून धुऊन काढावे आणि हवा तपासावी.

खड्डा लागल्यावर सुरू होऊन गाडी हळू करेपर्यंत न थांबणारी थरथर मात्र वेगळी. ताठ ॲक्सल असलेल्या जुन्या गाड्यांत ती विशेष दिसते. एक चाक ढेकळावर चढले की ॲक्सल तिरका होतो. फिरते चाक भोवऱ्याच्या जातीचे आहे: त्याला एका अंगाला कलवले की ते काटकोनातल्या दिशेने वळू पाहते. म्हणजे खाली-वर होण्यातून उजवे-डावे वळणे निर्माण होते. सांधे घट्ट असतील तर ही हालचाल तिथेच जिरते. किंगपिनचे बुश आणि टायरॉडचे टोक सैल असेल, तर चाक मध्यावर येऊन थांबत नाही, पलीकडे जाते, पुन्हा परत फिरते. अशा गाडीला नवा टायर घालून काहीही साधत नाही.

सैल सांधा शोधायला दुसऱ्या चाकांना ठोकळे लावून चाक जॅकवर उचलतात. ताठ ॲक्सल असेल तर जॅक ॲक्सलखाली लागतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये भार खालच्या आर्मवर येत असेल तर जॅक त्याच आर्मखाली हवा, नाहीतर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटचा प्ले झाकून टाकतो. टायर वरून आणि खालून धरून हलवावा. हलला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. हलणे थांबले तर दोष बेअरिंगमध्ये, तसेच राहिले तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये. ही साधी युक्ती चुकीचा सुटा भाग आणण्यापासून वाचवते. डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावर हलणारे चाक बहुतेक वेळा टायरॉडकडे बोट दाखवते. उजवीकडे वळताना घरघर वाढत असेल तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो.

हबमधली बेअरिंगे निमुळत्या रोलरची असतात. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना उभा भार आणि आडवा रेटा दोन्ही पेलते, पण नट नेमका बसवण्यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. खोललेले बेअरिंग रॉकेलने धुऊन पाहावे. निळसर झाक म्हणजे ते जास्त तापले आहे. रोलरवर खड्डे असतील तर बाहेरच्या कपासह जोडीच बदलावी. नवे ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधून पलीकडे निघेपर्यंत दाबतात आणि सील नवे घालतात. मग चाक फिरवत नट आवळायचा, किंचित जड लागले की थोडा मागे घ्यायचा. हाताला जेमतेम जाणवेल इतकीच मोकळीक उरावी. फार आवळलेले बेअरिंग गरम होऊन करपते. सैल राहिलेले ठोकर खात फुटते. स्प्लिट पिन नवीच हवी. बैलगाडीच्या आसाची खीळ जे राखते, तेच ही पिन राखते.

किंगपिनचे बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदलून रीमरने मापात आणावे लागतात. टायरॉडचे टोक काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवले, तर नवे टोक जवळपास त्याच जागी बसते. तरी अलाइनमेंट करावीच लागते, आणि ती सर्वांत शेवटी. सैल सांध्यांवर केलेले माप पहिल्याच खड्ड्यात हरवते. ७०० मिलिमीटर व्यासाच्या दोन चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरांतला फरक मापापेक्षा ७ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे सुमारे ५ मीटर आडवा घासला जातो; १० हजार किलोमीटरमध्ये ५० किलोमीटर. एका कडेने खाल्लेल्या, हात फिरवला की करवतीसारख्या लागणाऱ्या टायरचे कारण हेच. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा पाहावेत, कारण भाराखाली रिम आपली बैठक थोडी बदलते.