रिकाम्या खोलीची कडी

वसतिगृहाच्या कार्यालयात पूर्वी एक लोखंडी कपाट होते. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज असे सारे त्यात गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेले असे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचत होते, त्या घरासाठी त्यातला एकेक कागद म्हणजे तहसील कचेरीचे कित्येक हेलपाटे होते. कपाट अजून तेथेच आहे. परंतु त्या कागदांच्या प्रती, मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांच्या बँक खात्यांचे तपशील आता संगणकात असतात. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. संगणकाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आम्हाला, म्हणजे याच शाळेत शिकून पुढे संगणक क्षेत्रात गेलेल्या काही माजी विद्यार्थ्यांना, नीट सांगता येईनात. त्यातून शाळेच्या संगणक-जाळ्यात ‘हनीपॉट’ बसवण्याचे काम निघाले. ते कसे केले, कोठे चुकले आणि एका चुकीपायी काय घडता घडता राहिले, हे येथे सांगत आहोत.

संगणकातील चोरी किती शांतपणे होते याचा अनुभव पुणे शहराने कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात घेतला आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांच्या अवधीत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या आधारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी गेले, आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. एटीएमवर केलेली पैशांची मागणी एरवी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि तेथून होकार किंवा नकार येतो. चोरांनी मध्येच एक बनावट स्विच उभा केला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. हा तोतया प्रत्येक मागणीला होकार देत राहिला. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट जपून ठेवणाऱ्या या शहरात हा दुसरा तोतया कोणाच्या नजरेस पडला नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

असा तोतया एका दुपारीत उभा राहत नाही. आत शिरलेला माणूस आधी अंधारात चाचपडतो. कोणते यंत्र कोठे आहे, कोणते दार उघडे आहे, कोणत्या कप्प्याला कोणते नाव दिले आहे हे तो पाहतो. हनीपॉट उपयोगी पडतो तो या चाचपडण्याच्या काळात. शेतातले बुजगावणे पाखरांना दूर पळवते. हनीपॉटचे काम उलटे आहे. तो खऱ्या यंत्रासारखा दिसणारा, पण कोणाच्याही कामाचा नसलेला संगणक असतो. त्याच्याशी कोणाचे काहीच काम नसल्यामुळे त्याला कोणी हात लावला की तो हात संशयास्पद ठरतो. रिकाम्या खोलीची कडी वाजली तर घरातील माणूस दचकतो, तसेच हे.

ही युक्ती जुनी आहे. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. एवढ्या क्षुल्लक रकमेचा माग काढत गेल्यावर त्याला घुसखोर सापडला. तो दूरध्वनीच्या तारेवर फार वेळ थांबत नसे, म्हणून माग पुरा होत नव्हता. तेव्हा स्टॉलने एका काल्पनिक लष्करी प्रकल्पाची भलीमोठी कागदपत्रे रचून संगणकात ठेवली. घुसखोर ती उतरवून घेत बसला आणि तार थेट जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचली. माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकली जात होती.

आमचा पहिला प्रयत्न मात्र पुरता फसला. आम्ही ‘काउरी’ नावाची मोफत मिळणारी प्रणाली निवडली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जे एसएसएच नावाचे दार वापरले जाते, त्याचे हुबेहूब सोंग ती घेते. आलेल्या माणसाला आत घेतल्यासारखे दाखवते, खोट्या फायली दाखवते आणि त्याने टंकलेले प्रत्येक अक्षर टिपून ठेवते. शाळेच्या जोडणीवर ती बसवून आम्ही वाट पाहत राहिलो. दिवस गेले, नोंदवहीत एक ओळ पडली नाही. आमच्यातील एक-दोघांना त्याचा आनंदही झाला: शाळेकडे कोणाचे लक्षच नाही! शांतता दिसली की ती सुरक्षिततेची आहे असे मानण्याची ही खोड आम्हाला पुढेही नडली.

खरे कारण असे की, आपल्याकडील बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. मोठ्या सोसायटीच्या फाटकाचा पत्ता जगाला ठाऊक असावा, पण आतील घराला क्रमांकच नसावा, तशी ही अवस्था. आतून बाहेर जाता येते. बाहेरचा अनोळखी माणूस आपल्या दारापर्यंत येऊ शकत नाही. तेव्हा आम्ही वर्गणी काढून, सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला.

तेथेही अडचणी संपल्या नाहीत. एसएसएचचे नेहमीचे दार २२ क्रमांकाचे. आमचे स्वतःचे ये-जा करण्याचे खरे दारही तेच. ते आधी दुसऱ्या क्रमांकावर हलवावे लागते आणि नव्या दारातून आत जाता येते याची खात्री होईपर्यंत जुने बंद करायचे नसते. आम्ही घाई केली, फायरवॉलमध्ये नव्या दाराला परवानगी द्यायचे विसरलो आणि स्वतःच बाहेर राहिलो. सर्व्हर पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. पुढची गोष्ट अशी की, काउरी मूळचे २२२२ या क्रमांकावर ऐकते. तिला सर्वाधिकार देऊन २२ वर बसवणे धोक्याचे, म्हणून २२ वर येणारी वाहतूक २२२२ कडे वळवण्याचा नियम लिहावा लागतो. नियम लिहून आम्ही त्याच यंत्रावरून २२ क्रमांकाचे दार ठोठावून पाहिले. उत्तर नाही. सारी संध्याकाळ त्यात गेली. हा नियम बाहेरून येणाऱ्या वाहतुकीलाच लागू होतो. यंत्राने स्वतःलाच मारलेली हाक त्या वाटेने जात नाही. भ्रमणध्वनीच्या जोडणीवरून पाहिल्याबरोबर दार उघडले. नियम कायमचा जतन न केल्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तो पुसला गेला, हेही एकदा घडले. आणि प्रणालीबरोबर येणारे यंत्राचे मूळ नाव बदलायला हवे. ते नाव घुसखोरांनाही पाठ असते; ते दिसताच सोंग उघडे पडते.

हे सारे जुळल्यावर मात्र काही तासांतच दारावर थापा सुरू झाल्या. त्यांत माणूस क्वचितच असतो. बहुतेक थापा जगभर पत्ते चाचपत फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या असतात. ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशी नावे आणि ‘१२३४५६’ यांसारखे परवलीचे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले. काही जोड्या पाहून आम्ही मात्र थबकलो: त्या कॅमेऱ्यांच्या कारखान्यात घातलेल्या मूळ परवलीच्या होत्या. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने अशाच साठ-बासष्ट जोड्यांच्या यादीवर लाखो कॅमेरे आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेतली होती. आमच्यातील एक जण उठून शाळेच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याची परवली पाहून आला. ती कारखान्यातून आली तशीच होती. एवढ्या एका बदलासाठीसुद्धा सर्व्हरचे भाडे वसूल झाले असे आम्ही समजतो. अभ्यास संपताच तो सर्व्हर आम्ही बंद केला. नीट न राखलेला हनीपॉट चोराच्या हाती लागून त्यातून दुसऱ्यावर हल्ला होऊ शकतो. ही जबाबदारी आमच्यासारख्या नोकरदारांनी रविवारच्या फावल्या वेळात पेलण्याजोगी नाही.

शाळेला गरज होती ती आतल्या पहाऱ्याची. एका जुन्या संगणकावर आम्ही ‘ओपनकॅनरी’ ही प्रणाली बसवली. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव. जुन्या शिष्यवृत्ती अर्जांचा साठा असावा असे नाव त्या यंत्राला दिले आणि आत एकाही खऱ्या मुलाचे नाव ठेवले नाही. कोणी ते उघडू पाहिले की आम्हाला ईमेल यावा अशी योजना केली. तो ईमेलही आधी येत नव्हता. ईमेल सेवा अनोळखी प्रणालीला साध्या परवलीने आत घेत नाही. तिच्यासाठी वेगळी परवली तयार करावी लागते. ती केली, तर पत्रे नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडू लागली. तेव्हापासून दर रविवारी आमच्यापैकी एकाने मुद्दाम कडी वाजवून पाहायची आणि बाकीच्यांना ती ऐकू आली का हे विचारायचे, असे ठरले.

आणि मग एके दिवशी ती खरोखर वाजली. नोंदीत वेळ होती दोन वाजून दहा मिनिटांची आणि आयपी पत्ता होता संगणक कक्षातील एका यंत्राचा. दुपारी दोनला नववीचा तास असतो. त्या यंत्रावर कोणता मुलगा बसतो हेही हजेरीवरून कळले. हुशार, जरा खोडकर मुलगा. त्याला कार्यालयात बोलावले गेले. पालकांना निरोप धाडण्याची भाषा सुरू झाली. त्याचे वडील बाहेरगावी ऊसतोडीला होते. निरोप गेला असता तर हातातली कोयती ठेवून, मजुरी बुडवून ते पुण्याला आले असते. मुलगा एवढेच म्हणत राहिला की, मी काही केले नाही.

एका शिक्षिकेने विचारले, ‘वेळ तुमच्या घड्याळाची की यंत्राच्या?’ त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. नोंद जागतिक प्रमाणवेळेत होती. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे कडी वाजली ती संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. त्या वेळी संगणक कक्षाला कुलूप असते आणि मुले भोजनगृहात असतात. मग त्या यंत्राचा पत्ता कसा? शाळेचा राउटर पत्ते कायमचे देत नाही, थोड्या मुदतीने देतो. कक्षातील यंत्र बंद झाल्यावर मुदत संपली आणि तोच पत्ता संध्याकाळी कार्यालयातील हिशेबाच्या लॅपटॉपला मिळाला. त्यावर नव्याने घातलेली विषाणूरोधक प्रणाली जाळ्यातील सर्व यंत्रांची दारे आपणहून तपासत होती. तिनेच रिकाम्या खोलीची कडी वाजवली होती. मुलाची आम्ही त्याच्या वर्गासमोर क्षमा मागितली, कारण त्याला वर्गासमोरूनच उठवून नेले होते.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. सर्व यंत्रांची घड्याळे एका वेळेला जुळवली, नोंदीत भारतीय वेळ घातली, प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता दिला आणि राउटरची पत्तेवाटपाची नोंद जपू लागलो. हिशेबाच्या लॅपटॉपकडे दुर्लक्ष कर, असे हनीपॉटला सांगणे सोपे होते. ते आम्ही केले नाही. बाहेरच्या ईमेलमधील जोडपत्रे उघडणारे यंत्र तेच, म्हणून दगाफटका होण्याची शक्यता सर्वांत जास्त तेथेच. त्याऐवजी विषाणूरोधक प्रणालीची ती तपासणी बंद केली. आणि नोंदवहीवरून यंत्राचे नाव घ्यायचे, माणसाचे नाव घ्यायचे नाही, हे लिहून ठेवले. नोंदवहीला फक्त पत्ता आणि वेळ कळते.

एका भन्तेजींनी आम्हाला विचारले होते की, पंचशीलातील चौथ्या शीलाशी हे जुळते का? खोटा साठा मांडणे हे असत्यच नव्हे का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही दिलेले उत्तर असे: आम्ही कोणाला बोलावत नाही, कोणाची परवली काढून घेत नाही, मुलांचे संदेश वाचत नाही, आणि शाळेत असे एक यंत्र आहे हे विद्यार्थी व कर्मचारी सर्वांना सांगितले आहे, कोणते ते मात्र सांगितलेले नाही. भन्तेजींनी हे ऐकून घेतले. पूर्ण पटले असे म्हणाले नाहीत. त्या मुलाला कार्यालयात उभे केल्याच्या दिवशी असत्य कोणाच्या तोंडून निघाले, हेही आम्हाला विसरता येत नाही.

खरी कडी वाजली तर काय करायचे, तेही ठरलेले आहे. संशयित यंत्राची जाळ्याची तार काढायची. यंत्र बंद करायचे नाही, कारण स्मृतीतील पुरावा त्याबरोबर जातो. वेळ लिहून ठेवायची. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या व शासकीय संस्थांना सहा तासांत घटना कळवणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक केले आहे. तोच दंडक आम्ही स्वतःला लावून घेतला आहे. पालकांच्या खात्यातून पैसे गेल्याचे कळले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. हा क्रमांक कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावला आहे.

रविवारची पाळी सध्या आम्ही चौघे वाटून घेतो. संगणकाचे काम जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणखी कोणाला महिन्यातून एक रविवार देता आला, तर कार्यालयात नाव नोंदवावे.