दुसरे विमान

रेडिओच्या साहाय्याने लहान विमाने उडविण्याचा छंद ज्यांना जडला आहे, त्यांच्या आयुष्यात एक नाजूक सकाळ येते. शिकाऊ विमान आता हाताखाली निमूटपणे उडते, नीट उतरते, चाके शाबूत राहतात. सहा महिन्यांपूर्वी ट्रान्समीटरवर थरथरणारा अंगठा स्थिर झालेला असतो. मग घरी आल्यावर माणूस दुकानांची सूचिपत्रे पाहू लागतो, आणि त्याची नजर खिळते ती हमखास एखाद्या लढाऊ विमानावर. दुसरे विमान कोणते घ्यावे, याचे उत्तर त्याने मनाशी देऊनही टाकलेले असते. जाणत्यांना तो विचारतो ते केवळ होकारासाठी.

मीही एकेकाळी असाच होकार मिळविला होता. विमान होते दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरची फोमची प्रतिकृती. आणि मैदान म्हणजे सोलापूरबाहेरचे, ज्वारी काढून झालेले एक शेत. मित्राने ते हातातून सोडले आणि मिनिटभर त्याने असा काही डौल दाखविला की, मला माझ्याच कौशल्याचे नवल वाटले. उतरविण्यासाठी मी मोटर मंदावली आणि शिकाऊ विमानाला देत आलो होतो तसेच वळण दिले. त्याबरोबर आतल्या बाजूचा पंख अचानक खाली पडला, विमान पाठीवर वळले आणि धसकटांत शिरले. ते वळण मग मीच पायी चालत पूर्ण केले. त्या दिवशी मी वाऱ्याला दोष दिला, बॅटरीला दिला, मित्रालाही दिला. वास्तविक दोष कोणाचाच नव्हता. विमान आपल्या धर्माप्रमाणे वागले होते; तो धर्म मला ठाऊक नव्हता, एवढेच.

शिकाऊ विमान आपल्याला सांभाळून घेते ते दोन निरनिराळ्या गुणांमुळे, आणि या दोहोंची गल्लत झाली की निवड चुकते. पहिला गुण सावरण्याचा. त्याचा पंख धडाच्या वर असतो आणि दोन्ही टोके थोडी उचललेली असतात. एका बाजूला कललेले हे विमान घसरू लागले की, खाली गेलेल्या पंखाला हवेचा आधार अधिक मिळतो आणि ते पुन्हा सरळ होते. आपण गोंधळून दांड्यांवरचे अंगठे उचलले तरी चालते. किंबहुना उचलले तर अधिक बरे. दुसरा गुण संथपणाचा. वजन थोडे आणि पंख मोठा, त्यामुळे ते हळू उडू शकते आणि आपल्याला विचाराला सवड मिळते.

माझे म्हणणे असे की, दुसऱ्या विमानाने यांतला पहिला गुण सोडावा आणि दुसरा राखावा. ते स्वतःहून सरळ होऊ नये. जितके कलवाल तितकेच कललेले राहावे, म्हणजे परत आणण्याचे काम उडविणाऱ्याच्या अंगावर पडेल आणि तो खऱ्या अर्थाने वैमानिक होईल. पण हे शिकत असताना ते धावत सुटू नये. लढाऊ विमानाची प्रतिकृती हे दोन्ही गुण एकाच दिवशी काढून घेते.

थोडा हिशोब करून पाहू. समजा, शिकाऊ विमानाचे वजन १२०० ग्रॅम आहे आणि पंखाचे क्षेत्रफळ ३० चौरस डेसिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरने ४० ग्रॅम उचलावयाचे. याला पंखभार म्हणू. लढाऊ प्रतिकृती १८०० ग्रॅमची आणि तिचा पंख साडेबावीस चौरस डेसिमीटरचा असला, तर पंखभार ८०, म्हणजे दुप्पट. विमान तरंगत राहण्यास लागणारा किमान वेग पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पहिले विमान ताशी २६ किलोमीटरच्या आसपास टिकाव धरत असेल, तर दुसऱ्याला जवळजवळ ३७ हवेत. एवढ्यावर भागत नाही. उंची न सोडता ६० अंश कलून वळण घेताना पंखाला दुप्पट भार तोलावा लागतो, आणि तोच किमान वेग ५२ वर जातो. मी त्या सकाळी ४० च्या आतबाहेर वळलो असेन! वेग अपुरा पडला की पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते आणि आधार एकाएकी तुटतो. यालाच स्टॉल म्हणतात. टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पंखावर ही हवा टोकापाशी आधी सुटू शकते. म्हणून विमान नुसते खाली न बसता एका कुशीवर कोसळते.

याउलट सारख्या रुंदीचा, फळीसारखा पंख सामान्यतः मुळाशी आधी स्टॉल होतो, टोके काही काळ काम करीत राहतात आणि विमान नाक खाली टाकून आपल्याला सूचना देते. १९६० च्या दशकात फिल क्राफ्ट या अमेरिकन गृहस्थाने अशाच पंखाचे एक विमान रेखाटले. खोक्यासारखे धड, त्यावर जाड व रुंद पंख, जवळजवळ सपाट बसविलेला. रूप असे की, त्याचे नाव ‘अग्ली स्टिक’ म्हणजे कुरूप काठी असेच पडले. क्राफ्ट काही नवशिका नव्हता. १९६७ साली तो रेडिओनियंत्रित कसरतींचा जगज्जेता झाला. त्या काठीचे वंशज आजही जगभर बांधले जातात ते उगाच नव्हे. पंखाची खालची व वरची बाजू सारखीच फुगीर असल्याने ते उलटेही सुखाने उडते, आणि वजन हलके असल्याने उतरताना घाई करीत नाही. मला दुसऱ्या विमानाचा आदर्श विचाराल तर हाच. सौंदर्याचा हट्ट असेल, तर पंख धडाखाली असलेले आणि टोके किंचितच उचललेले एखादे साधे क्रीडाविमान घ्यावे. पंखाची लांबी सव्वा ते दीड मीटर असावी. फार लहान विमान स्वस्त पडते खरे, पण वाऱ्यात पतंगासारखे हेलकावे खाते आणि शंभर पावलांवर त्याचे तोंड कोठे व शेपूट कोठे हेही कळेनासे होते.

एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागील कडेच्या झडपा, या विमानाला अवश्य हव्यात. काही शिकाऊ विमाने केवळ शेपटीच्या सुकाणूवर वळतात. तसे आपले असेल तर आधी एलेरॉनचे शिकाऊ विमान उडवावे, ही पायरी गाळू नये. चाकांबाबत मी थोडा जुन्या मताचा आहे. नाकाखाली चाक असलेले विमान धावपट्टीवर सरळ धावते. शेपटीखाली चाक असलेले जरा पाय फुटल्यासारखे वागते आणि सुकाणूचा उपयोग शिकविते. तथापि आपले मैदान गवताळ किंवा ढेकळांचे असेल, तर मोठ्या चाकांचे दुसऱ्या प्रकारचेच विमान अधिक उपयोगी पडते. बाल्साचे घ्यावे की फोमचे, यावर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. बाल्सा हवेत अधिक रेखीव उडते, फोम संध्याकाळी डिंक लावून सकाळी उडविता येतो. दुसऱ्या विमानापुरता मी फोमच्या बाजूचा.

हल्ली पुष्कळ विमानांत तोल सावरणारी विद्युत्‌यंत्रणा बसविलेली असते. ती वाईट नाही. पण शिकाऊ विमानाचा जो गुण आपण जाणूनबुजून सोडला, तोच ती मागच्या दाराने परत आणते. म्हणून ती ट्रान्समीटरवरून बंद करता येते ना, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

नवे विमान मैदानावर नेल्यावर उडविण्याची घाई करू नये. गुरुत्वमध्य पत्रकात सांगितलेल्या जागी आहे की नाही, हे बॅटरी बसवून, पंखाखाली दोन बोटे धरून पाहावे. बहुतेक साध्या विमानांत तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर येतो. नाक थोडे जड असले तर विमान जडपणे का होईना उडते. शेपूट जड असली तर पहिलेच उड्डाण बहुधा शेवटचे ठरते. झडपांची हालचाल ट्रान्समीटरवर आरंभी कमी ठेवावी. जागा विमानतळापासून दूर आणि माणसांपासून मोकळी असावी. विमान सतत नजरेच्या टप्प्यात असावे. २०२१ च्या ड्रोन नियमांतही मॉडेल विमानांच्या व्याख्येत ही अट आहे.

मग पहिल्याच उड्डाणात ते पुरेसे उंच न्यावे, इतके की एक चूक झाली आणि ती सुधारताना दुसरी झाली तरी खाली हवा उरावी. तेथे मोटर मंद करून, नाक हळूहळू उचलून, विमानाला मुद्दाम स्टॉल होऊ द्यावे. ते सरळ खाली झुकते की एका बाजूला पडते, किती उंची खाते, त्याआधी दांडी कशी सैल लागते, हे तीन-चारदा पाहून ठेवावे. सरळ उड्डाणात झाले की वळणातही तेच करावे. स्पिटफायरच्या वेळी मी एवढे जरी केले असते, तरी ते विमान आणखी काही आठवडे जगले असते. हे सारे जमले, उलटे उडविणे जमले, आडव्या वाऱ्यात सुकाणूने तोंड सरळ ठेवून उतरविणे जमले, म्हणजे तिसरे विमान हवे ते घ्यावे. मीही अखेर तेव्हाच पुन्हा स्पिटफायर घेतले.

शिकाऊ विमान मात्र विकू नये. त्याला गिऱ्हाईक आले तरी किंमत फारशी येत नाही. माझे अद्याप माळ्यावर आहे. उजव्या पंखाला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. पावसाळा संपून मैदान वाळले आणि बोटे चार महिन्यांच्या विश्रांतीने जड झालेली असली की, पहिल्या सकाळी मी तेच खाली काढतो.