एमओटी पास झाली म्हणजे गाडी ठणठणीत, असं नाही

ब्रिटनमध्ये नव्याने आलेलं मराठी कुटुंब वर्षभरात एखादी सेकंडहँड गाडी घेतंच. मग कधीतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो: 'एमओटी ड्यू आहे, कुणी विश्वासू गॅरेज सुचवेल का?' उत्तरं भराभर येतात आणि त्यांतली बरीचशी ऐकीव असतात. कुणी म्हणतं कंपनीच्या डीलरकडेच जा, कुणी म्हणतं गॅरेजवाले मुद्दाम फेल करतात, तर कुणी म्हणतं आमच्या ओळखीचा एक आहे, तो पास करून देतो. महाराष्ट्रात खासगी गाडी पहिली पंधरा वर्षं पासिंगला न्यावी लागत नाही. पीयूसी काढली, विमा भरला की विषय संपला. दरवर्षी गाडी कुणाकडून तरी तपासून घ्यायची सवयच आपल्याला नसते, म्हणून या ऐकीव सल्ल्यांवर पटकन विश्वास बसतो. त्यातून नुकसान होतं ते पैशांचं, आणि कधी कधी सुरक्षिततेचंही.

एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे की नाही, हे पाहणारी सक्तीची चाचणी. ज्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टच्या नावावरून ती ओळखली जाते, ते खातं त्या नावाने आता राहिलेलं नाही, पण नाव टिकून आहे. 1960 साली ही चाचणी सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहत. 1967 पासून तीन वर्षांच्या गाडीलाही ती लागू झाली. आज इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाडीला तीन वर्षं पूर्ण होताना पहिली एमओटी आणि त्यानंतर दरवर्षी एक, असा नियम आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ती चौथ्या वर्षापासून, सरकारी केंद्रांतच होते, त्यामुळे तिथे गॅरेज निवडण्याचा प्रश्नच येत नाही. बाकी ठिकाणी डीव्हीएसए या सरकारी संस्थेने परवाना दिलेल्या गॅरेजमध्ये ती होते. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण, ही त्या परवान्याची खूण.

'एमओटी झाली म्हणजे सर्व्हिसिंग झाल्यासारखंच'

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. एमओटीत गाडीचा एकही भाग खोलत नाहीत. ऑइल बदलत नाहीत, फिल्टर बदलत नाहीत. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती कशी आहे हे या चाचणीत पाहिलंच जात नाही. पाहतात ते ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, टायर, सीटबेल्ट, काच, वायपर, हॉर्न, नंबरप्लेट, धूर आणि खालच्या बाजूचा गंज. क्लच अखेरच्या घटका मोजत असलेली गाडी एमओटी पास होऊ शकते, आणि इंजिन उत्तम असलेली गाडी नंबरप्लेटवरचा दिवा गेला म्हणून फेल होऊ शकते.

पास झाल्याचा दाखलाही त्या दिवसापुरताच बोलतो. चाचणीनंतर चार महिन्यांनी टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, तर हातात चालू एमओटी असूनही ती गाडी बेकायदाच. अशा प्रत्येक टायरमागे 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट लागू शकतात. टायर घरी तपासायला काहीच लागत नाही. वीस पेन्सचं नाणं नक्षीच्या खोबणीत उभं घाला. नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली, तर टायर बदलायची वेळ आली असं धरा. एकाच जागी नाही, टायरच्या रुंदीवर आणि घेरावर दोन-तीन ठिकाणी पाहा. टायर कडेला जास्त झिजतो ते तिथेच कळतं.

'दुरुस्तीही तेच करतात, म्हणजे मुद्दाम फेल करणारच'

या शंकेत तथ्य आहे, आणि ती बोलून दाखवायला संकोचायचं कारण नाही. जो माणूस दोष शोधतो त्यालाच दोष दुरुस्त करण्याचे पैसे मिळणार असतील, तर मोह असतोच. पण यावरून सगळी गॅरेजं लबाड ठरत नाहीत. निकाल मनाला येईल तसा लिहिता येत नाही. टेस्टरला डीव्हीएसएच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक दोषाचं वर्गीकरण करावं लागतं, दरवर्षी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि खोटी चाचणी उघडकीला आली तर परवाना जातो.

ज्याला हा मोहच बाजूला ठेवायचा आहे, त्याच्यासाठी एक सरळ वाट आहे आणि ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. अनेक नगरपालिकांची, म्हणजे कौन्सिलची, स्वतःची एमओटी केंद्रं असतात. कौन्सिलच्या कचरागाड्या आणि व्हॅन तपासण्यासाठी ती असतात, पण सामान्य माणसालाही खुली असतात. तिथे बहुतेक ठिकाणी दुरुस्ती करतच नाहीत. गाडी पास झाली काय किंवा फेल झाली काय, तपासणाऱ्याच्या खिशात काही फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर नव्या गावात आलेल्या, कुणाचीच ओळख नसलेल्या माणसाने पहिली एमओटी अशाच केंद्रात करावी. गाडीची खरी स्थिती कळते आणि मग दुरुस्तीसाठी गॅरेज शोधायला वेळ मिळतो.

कौन्सिलचं केंद्र जवळ नसेल तरी हाती साधनं आहेत. चाचणी पाहण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि त्यासाठी गॅरेजने बसायची किंवा उभं राहायची जागा ठेवायची असते. मध्ये बोलून टेस्टरच्या कामात अडथळा आणायचा नाही, इतकंच. चाचणी साधारण तासाभराची असते. गाडी रोलरवर चढते, ब्रेक दाबले की डाव्या-उजव्या चाकाचा जोर काट्यावर किंवा पडद्यावर दिसतो, मग गाडी वर उचलून खालची बाजू टॉर्चने पाहतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने ब्रेकचे बारीक पाइप आणि चासीचे कोपरे गंजतात, आणि दहा वर्षांच्या गाडीत नेमकं तिथेच दुखणं निघतं. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्यालाही हे लक्षात येत नाही, कारण गाडीच्या पोटाखाली असा गंज त्याने पाहिलेला नसतो. 'गंज कुठे आहे, मला दाखवा' एवढं म्हणा. चांगला मेकॅनिक टॉर्च हातात देतो आणि बोट ठेवून दाखवतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे पुढच्या वर्षी जायचं नाही.

'ॲडव्हायझरी लिहिल्या म्हणजे ते काम करावंच लागतं'

20 मे 2018 पासून दोषांचे ठरलेले प्रकार आहेत. डेंजरस आणि मेजर निघाले तर गाडी फेल. मायनर निघाला तर गाडी पास, पण दुरुस्ती लवकर करायची. ॲडव्हायझरी म्हणजे 'आज ठीक आहे, पण यावर लक्ष ठेवा'. हा फरक ज्याला माहीत नाही, त्याचा खिसा सगळ्यांत आधी रिकामा होतो.

समजा दुपारी ऑफिसमध्ये असताना फोन येतो: 'तुमच्या गाडीला पुढचे दोन टायर, ब्रेक पॅड आणि एक बुश लागेल, करून टाकू का?' या क्षणी 'हो, करा' म्हणायचं नाही. शांतपणे विचारायचं: यातलं मेजर काय आणि ॲडव्हायझरी काय? बऱ्याचदा फेल होण्याचं कारण एकच निघतं, बाकी ॲडव्हायझरी असतात. जे मेजर आहे ते करून घ्या, बाकीच्यांचा दर लेखी मागा आणि सवडीने दुसरीकडे विचारा. पण उलट टोकही गाठू नका. ॲडव्हायझरी फाइलला लावून विसरायची नसते. 'ब्रेक पाइपला गंज' ही यंदाची ॲडव्हायझरी पुढच्या वर्षी मेजर होऊ शकते, आणि मधले बारा महिने त्याच पाइपच्या भरवशावर मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने आपली मुलं मागे बसलेली असतात.

'फेल झाली की त्याच गॅरेजमध्ये दुरुस्ती करणं बंधनकारक'

मुळीच नाही. फेल झाल्याचा कागद तुमच्या हक्काचा आहे. तो घेऊन कुठेही दर विचारता येतो. गाडी नेण्याबाबत मात्र नियम नीट समजून घ्या. आधीची एमओटी अजून चालू असेल आणि नव्या चाचणीत डेंजरस दोष नसेल, तर गाडी घेऊन निघता येतं, तरी ती रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याची जबाबदारी तुमचीच. डेंजरस दोष असेल तर ती चालवणं गुन्हा आहे: 2,500 पौंडांपर्यंत दंड, तीन पॉइंट आणि बंदीही होऊ शकते. एमओटी संपलेलीच असेल, तर दुरुस्तीला किंवा आधी वेळ घेतलेल्या चाचणीला नेण्यापुरतीच ती चालवता येते.

फेरतपासणीचे पैसे कधी लागतात, यावरून बरीच कुरबुर होते. त्याच केंद्रात दुरुस्ती करून दहा कामकाजी दिवसांत तपासून घेतली, तर फेरतपासणी फुकट. दुसरीकडे दुरुस्त करून दहा कामकाजी दिवसांत परत आणली, तर मूळ फीच्या निम्म्यापर्यंत पैसे घेता येतात. दिवे, वायपर अशा काही ठरावीक गोष्टींसाठी पुढच्या कामकाजी दिवसाच्या अखेरीपर्यंत गाडी आणली तर तेही नाही.

फीचंही तसंच. कारसाठी सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, 54.85 पौंड, आणि त्यावर व्हॅट नाही. यापेक्षा कमी घ्यायला गॅरेजला मोकळीक आहे, त्यामुळे अर्ध्या किमतीची जाहिरात म्हणजे फसवणूक असं समजू नका. मात्र गॅरेजचं उत्पन्न चाचणीच्या फीतून फारसं येत नसतं, ते दुरुस्तीतून येतं. वाचवलेल्या वीस पौंडांपेक्षा दुरुस्तीचा दर आणि कामाची प्रत यांकडे जास्त लक्ष हवं. फी आणि अपिलाची माहिती भिंतीवर लावलेली असायला हवी. ती नसेल तर तिथून निघा.

डीलरकडेच एमओटी केली नाही तर वॉरंटी जाते, हाही निव्वळ गैरसमज. कोणत्याही परवानाधारक केंद्राचा दाखला सारखाच ग्राह्य असतो.

'निकाल लागला की काही करता येत नाही'

करता येतं, पण घाई करून स्वतःची बाजू घालवू नका. गाडी चुकीने फेल केली असं वाटलं, तर आधी त्या गॅरेजशी बोला. समाधान झालं नाही तर डीव्हीएसएकडे व्हीटी 17 हा अर्ज चाचणीपासून चौदा कामकाजी दिवसांत द्या. त्याआधी तो दोष दुरुस्त करून घ्यायचा नाही, नाहीतर पुन्हा तपासायला काही उरतच नाही. नवीन तपासणीची फी भरावी लागते आणि अपील तुमच्या बाजूने लागलं तर काही किंवा सगळे पैसे परत मिळतात. गाडी चुकीने पास केली असेल तरीही तक्रार करता येते. गंजाबाबत तीन महिन्यांत, इतर दोषांबाबत 28 दिवसांत. दुरुस्तीच्या बिलावरून वाद झाला तर मोटर ओम्बुड्समन या तक्रार-निवारण संस्थेच्या नियमांना बांधलेलं गॅरेज असल्याचा फायदा होतो. इंडिपेंडंट गॅरेज असोसिएशनची 'ट्रस्ट माय गॅरेज' ही योजनाही छोट्या गॅरेजांसाठी आहे. अशा पाट्या प्रामाणिकपणाची हमी देत नाहीत, पण दाद मागायला जागा ठेवतात.

आणि तो 'ओळखीचा, पास करून देणारा'. गाडी न पाहता दिलेला दाखला हा गुन्हा आहे, आणि त्या दाखल्याने ब्रेक नीट होत नाहीत. मराठी माणूस मराठी माणसाला मदत करतो ही चांगली गोष्ट आहे. पण हा सल्ला म्हणजे मदत नव्हे. असं गॅरेज कुणी ग्रुपवर सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

गॅरेज पारखायची सगळ्यांत सोपी जागा सरकारच्या संकेतस्थळावर आहे आणि ती फुकट आहे. गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनच्या चाचण्यांचा इतिहास समोर येतो: कधी पास, कधी फेल, कशासाठी, त्या दिवशी मायलेज किती. जुनी गाडी घेण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. मायलेज एका वर्षी कमी झालेलं दिसलं, तर मीटर मागे फिरवला गेला असण्याची शंका घ्या. स्वतःच्या गाडीचा इतिहास वाचल्यावर कोणता दोष वर्षानुवर्षं लिहिला जातोय आणि कोणता यंदा अचानक उपटला, हे कळतं. गॅरेजला प्रश्न विचारायला मग कुणाच्या ऐकीव गोष्टीची गरज पडत नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. एक महिना वजा एक दिवस इतकं आधी चाचणी करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणजे 20 नोव्हेंबरला संपत असेल तर 21 ऑक्टोबरपासून. वेळ हाताशी असला की फेल झाल्यावर दोन ठिकाणी दर विचारता येतात. एमओटीशिवाय गाडी चालवली तर 1,000 पौंडांपर्यंत दंड आहे आणि गाडीचा टॅक्सही भरता येत नाही. सरकारच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की महिनाभर आधी मेसेज किंवा ईमेल येतो, तोही मोफत. गाडीचा नंबर हाताशी घ्या आणि ती नोंदणी आजच करून टाका.