तंबूत ऊब हवी, पण कोणती?

डिसेंबर लागला की बिदरच्या पठारावर रात्री कडाक्याची थंडी पडते. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून उंचावर आणि समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते. सूर्य मावळला की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते आणि ती अडवायला ना ढग असतात, ना पुरेसे बाष्प. कर्नाटकातील नीचांकी तापमान म्हणून आजही १६ डिसेंबर १९१८ रोजी बिदरला नोंदलेल्या २.८ अंश सेल्सिअसचाच दाखला दिला जातो. एवढी थंडी रोज पडत नाही, पण पारा दहा अंशांच्या आसपास उतरणे इथे नवलाचे नाही.

नेमक्या याच दिवसांत या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात असंख्य माणसे कापडाच्या नाहीतर पाचटाच्या आडोशाला झोपतात. दत्तजयंतीला गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर भाविक मुक्काम करतात. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या बिदर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. तूर आणि ज्वारी राखायला शेतकरी रानात निजतात. हौशी भटकी मंडळी चिंचोळीच्या जंगलात, चंद्रमपल्ली धरणाच्या बाजूला तंबू ठोकतात. तंबू आता सहज विकत मिळतात आणि त्यांच्याबरोबर छोटे गॅस हीटरही. म्हणून हीटर घेण्याआधी तंबूतल्या उष्णतेचा हिशेब समजून घेतला पाहिजे. या हिशेबात चूक झाली तर थेट जिवावर बेतते.

कापड उष्णता धरत नाही

दोन-तीन जणांच्या तंबूत साधारण तीन घनमीटर हवा मावते. ही हवा दहा अंशांनी तापवायला लागणारी उष्णता अगदी किरकोळ असते. अडचण ती टिकवण्याची आहे. पातळ कापडातून उष्णता इतक्या वेगाने बाहेर जाते की बाहेरच्यापेक्षा आत दहा अंश जास्त ठेवायचे तर सुमारे सहाशे वॅटचा हीटर सतत चालू ठेवावा लागतो. तो बंद केला की दोन-तीन मिनिटांत आतली बहुतेक ऊब निघून जाते. तंबूतली हवा तापवणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे.

हेच सहाशे वॅट गॅसवर मिळवायचे तर आठ तासांच्या रात्रीला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागेल. बाजारात मिळणारी सव्वादोनशे ग्रॅमची छोटी डबी मध्यरात्रीनंतर लवकरच संपेल. शिवाय गॅस जळताना पाणी तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे १.६ किलो, म्हणजे त्या रात्रीत तंबूच्या आत अर्ध्या लिटरहून जास्त वाफ. ती थंड कापडावर जमून थेंबाथेंबाने पांघरुणावर पडते. ओले पांघरूण ऊब देत नाही.

हवेतला प्राणवायू

याहून मोठा प्रश्न ऑक्सिजनचा आहे. एक किलो गॅस पूर्ण जळायला साडेतीन किलोहून अधिक ऑक्सिजन लागतो. तीन घनमीटर हवेत तो जेमतेम आठशे ग्रॅम असतो. तंबूची चेन पूर्ण लावून घेतली आणि बाहेरची हवा आत आलीच नाही, तर सहाशे वॅटचा हीटर तासाभरात त्यातला पाचवा हिस्सा संपवतो. आत झोपलेल्या माणसांचा श्वास वेगळा. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही.

कोळशाची शेगडी तर सर्वांत घातक. निखाऱ्यांच्या ढिगाकडे नीट पाहा. खालच्या थरात हवा मिळते, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो लालबुंद कोळशांमधून वर येताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर हलणारी निळसर ज्योत म्हणजे हाच वायू जळत असतो. पुढे वर राख साचते, निळी ज्योत विझते, धूर थांबतो आणि लोक म्हणतात, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. पण निखारे आत धुमसतच असतात. फरक एवढाच, की आता तो वायू न जळता बाहेर पडतो. धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत आजवर अनेकांच्या जिवावर उठली आहे.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुडघ्यांतले बळ जाते. माणूस त्याला पित्त समजून आडवा होतो आणि मग उठण्याची शक्तीच राहत नाही. झोपेत तर ही लक्षणे जाणवतही नाहीत. कोविडनंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. त्याला ऑक्सिजन वाहणारे आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे तो ९८ दाखवत राहू शकतो. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर यंत्र काय सांगते ते पाहत बसू नये. सगळ्यांना लगेच उघड्यावर आणावे आणि दवाखाना गाठावा. तिथे शुद्ध ऑक्सिजन दिला की हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघून जातो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले. त्यांत चार मुले होती. थंडीमुळे त्यांनी गॅस हीटर लावून दारे-खिडक्या बंद केल्या होत्या. ती पक्क्या बांधकामाची खोली होती. तंबूत तर हवा त्याहून कितीतरी कमी असते.

मग घ्यायचे काय?

गॅस हीटर घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी तपासून घ्या. ऑक्सिजन अठरा टक्क्यांच्या आसपास उतरला की तो आपोआप बंद झाला पाहिजे आणि कलंडला तरी बंद झाला पाहिजे. ज्योतीशिवाय तापणाऱ्या उत्प्रेरक जाळीच्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो, पण ऑक्सिजन तोही खातोच. यांपैकी कोणताही हीटर जागेपणी, तंबूचे दार आणि वरची झडप उघडी ठेवून वापरायचा आणि झोपण्याआधी बंद करून बाहेर ठेवायचा. सोबत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म असावाच. तो खेळत्या हवेला पर्याय नसतो, पण झोपलेल्याला उठवू शकतो.

विजेच्या हीटरमधून विषारी वायू निघत नाही. पण पाचशे वॅट-तासांची बॅटरी सहाशे वॅटच्या हीटरला तासभरही पुरत नाही. त्याच बॅटरीवर साठ वॅटचे विजेचे ब्लँकेट सहा-सात तास चालते. कारण ते हवा तापवत बसत नाही, थेट अंगाला ऊब देते.

या सगळ्याचे सार एवढेच, की हवा तापवू नये, माणूस तापवावा. झोपलेले शरीर स्वतःच ७०-८० वॅट उष्णता देत असते. ती वाया जाऊ दिली नाही तर बिदरच्या थंडीला तेवढी पुरते. सर्वांत जास्त गळती खालून होते, कारण अंगाखाली दबलेल्या गादीत हवा उरत नाही. म्हणून आधी ताडपत्री, तिच्यावर कोरडे पाचट किंवा कडबा, त्यावर सतरंजी आणि अंगावर घोंगडी. घोंगडीची लोकर हवा कोंडून धरते आणि थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सत्तर अंशांचे दोन लिटर पाणी पिशवीत भरून पांघरुणात घेतले, तर ते निवेपर्यंत झोपलेला माणूस तासाभरात सोडतो तेवढी उष्णता देते. पिशवीला कापड गुंडाळावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ती पायाला लावू नये, कारण भाजलेले त्यांना कळत नाही.

तंबूची जागाही निवडून घ्यावी. थंड हवा जड असते, ती रात्री उताराने ओढ्याकाठी, सखल भागात साचते. थोड्या उंचवट्यावर, झाडाखाली तंबू लावला तर माथ्यावरची पाने आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतात आणि दवही कमी पडते. तुराट्यांची शेकोटी खुशाल पेटवावी, पण तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

ज्यांचा तंबू हौसेचा नाही, त्यांचे काय? कोपीत निजणाऱ्या ऊसतोड मजुराच्या लेकराला आणि संगमावर उतरलेल्या म्हाताऱ्या भाविकाला यातले कोणतेही यंत्र परवडणार नाही. पण कोरडे पाचट, धड ताडपत्री आणि रात्री एक हंडा गरम पाणी एवढी सोय कारखाने आणि देवस्थाने सहज करू शकतात. निखारे आत घेऊ नका, हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला एक फलक लावणेही त्यांना जड नाही. आपण स्वतः पैसे खर्च करतानाही हाच क्रम ठेवावा : आधी अंथरूण, मग पांघरूण, मग पाण्याची पिशवी आणि अलार्म. हीटर सगळ्यांत शेवटी, आणि झोपताना तोही बंद.